पैजेला श्रद्धा म्हणू नका

इंग्लंडच्या फुटबॉल इतिहासात २ मे २०१६ हा दिवस कायमचा नोंदला गेला आहे. त्या रात्री चेल्सी आणि टॉटनहॅम यांचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि त्या सामन्यात न खेळताच लेस्टर सिटी हा संघ प्रीमियर लीगचा विजेता ठरला. १८८४ साली स्थापन झालेल्या या क्लबने सर्वोच्च श्रेणीचे अजिंक्यपद त्यापूर्वी एकदाही मिळवले नव्हते. आदल्याच हंगामात नाताळच्या दिवशी तो गुणतक्त्याच्या तळाशी होता आणि अखेरच्या नऊपैकी सात सामने जिंकून कसाबसा तगला होता. म्हणूनच ऑगस्ट २०१५ मध्ये नवा हंगाम सुरू झाला तेव्हा तिथल्या बुकींनी लेस्टरच्या विजेतेपदाला पाच हजारास एक असा भाव दिला होता. एक पौंड लावावा आणि अघटित घडलेच तर पाच हजार घ्यावेत, असा हा सौदा.

अघटित घडले. मात्र ते पूर्ण घडण्याआधीच एक प्रश्न उभा राहिला होता, आणि या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे. इंग्लंडमधील सट्टा-कंपन्या गिऱ्हाइकाला अर्ध्या वाटेवर हिशेब मिटवण्याची मुभा देतात. तिला ‘कॅश आऊट’ म्हणतात. सामना किंवा हंगाम संपण्यापूर्वी कंपनी एक रक्कम पुढे करते. ती स्वीकारली की पैज तिथेच संपली. पुढे संघ जिंको वा हरो, गिऱ्हाइकाचा त्याच्याशी संबंध उरत नाही. लेस्टरवर ५० पौंड लावलेल्या एका गृहस्थाने मार्च २०१६ मध्ये अशा रीतीने ७२,३३५ पौंड घेतले. त्या वेळच्या दराने ही रक्कम ६५ ते ७० लाख रुपयांच्या घरात जाते. तो थांबला असता तर दोन महिन्यांनी त्याला अडीच लाख पौंड मिळाले असते. इतरही अनेकांनी असेच आधी पैसे घेतले. काही मोजके लोक शेवटपर्यंत थांबले.

त्या दिवसापासून जगभर एक वाद रंगला. त्याचे पडसाद आमच्या धर्मग्रामांतील तरुणांच्या गप्पांतही उमटले, कारण वसईपासून गोव्यापर्यंत फुटबॉल हा आमच्या लोकांच्या जिव्हाळ्याचा खेळ आहे. एक पक्ष म्हणतो, “मध्येच पैसे घेणारे कच्च्या दिलाचे. ज्यांची श्रद्धा दृढ होती ते थांबले आणि तरले.” दुसरा पक्ष म्हणतो, “हातातले सोडून पळत्याच्या मागे लागू नये. घेणारेच शहाणे.” वाद चहाच्या टपरीपुरता राहिला असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ‘पाच हजारास एक’ हा दाखला श्रद्धेचे उदाहरण म्हणून प्रवचनातही येऊ लागला आहे. जगाने वेड्यात काढले तरी तो विश्वासाने थांबला. तसेच आपणही प्रभूवर विश्वास ठेवून थांबावे, असा त्याचा मथितार्थ असतो. हेतू चांगला आहे, दाखला वाईट आहे. आणि वाईट दाखला चांगल्या हेतूचेही नुकसान करतो.

आमचे म्हणणे प्रारंभीच स्पष्ट मांडतो. या वादात दोन्ही पक्षांनी दोन सद्गुणांची नावे उसनी घेतली आहेत. थांबणाऱ्याच्या हट्टाला पहिल्या पक्षाने श्रद्धा म्हटले. बुकीच्या हिशेबाला दुसऱ्याने सुज्ञता म्हटले. ही दोन्ही नावे परत मागून घेण्यासाठी हा लेख आहे. ती परत घेतली की अर्ध्यावर पैसे घ्यावेत की नाही या साध्या प्रश्नालाही सरळ उत्तर देता येते, आणि ते आम्ही देणार आहोत.

हा प्रश्न सट्टा-कंपन्यांनी शोधून काढला असे कोणाला वाटत असेल तर ते खरे नाही. तो पाचशे वर्षांहून जुना आहे, आणि गंमत अशी की तो प्रथम छापून आणणाऱ्यांत एक फ्रान्सिस्कन संन्यासी होता. लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये अंकगणितावरील आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात उदाहरण आहे ते चेंडूच्या खेळाचे! दोन बाजू चेंडू खेळत आहेत. जी आधी ६० गुण करील तिने डावावरील सर्व रक्कम घ्यायची. प्रत्येक वेळी १० गुण मिळतात. एका बाजूचे ५० आणि दुसरीचे २० झाले असता काही कारणाने खेळ मोडला. आता पैसे कसे वाटावेत? पाचोलींनी उत्तर दिले : पाचास दोन या प्रमाणात, म्हणजे आजवर जितके मिळवले त्या मानाने.

उत्तर सरळ वाटते, पण चुकीचे आहे. १५५६ साली तार्ताल्या या गणितज्ञाने त्यातील खोच दाखवून दिली. लांबलचक खेळात एका बाजूने पहिलाच गुण मिळवला, दुसरीचे शून्य, आणि तेवढ्यात पाऊस आला, तर पाचोलींच्या नियमाने पहिल्या बाजूने सर्वच्या सर्व रक्कम उचलायची! हा कुठला न्याय? शंभर वर्षे हा तिढा सुटला नाही. तो सुटला १६५४ साली, ब्लेझ पास्काल आणि पिएर द फर्मा या दोन फ्रेंच विद्वानांच्या पत्रव्यवहारातून. त्यांनी मागे पाहणे सोडले आणि पुढे पाहिले. किती मिळवले हे विचारू नका. जिंकायला आणखी किती हवे ते विचारा. वरच्या उदाहरणात पहिल्या बाजूला आणखी एकच यश हवे, दुसरीला लागोपाठ चार. दोन्ही बाजू तुल्यबळ मानल्या तर दुसरीला तसे घडण्याची शक्यता सोळात एक. म्हणून रकमेचे सोळा वाटे करावेत. पंधरा पहिलीला द्यावेत, एक दुसरीला.

या गणितात एक नैतिक सत्य दडलेले आहे. मोडलेल्या किंवा मोडता येणाऱ्या पैजेला त्या क्षणी एक किंमत असते. आरंभी काय लावले होते ते त्या क्षणी गौण ठरते. लेस्टरवर पैज लावणाऱ्याने ऑगस्टमध्ये ५० पौंड पणाला लावले होते हे खरे. पण मार्चमध्ये कंपनीने ७२,३३५ पौंड पुढे केले आणि त्याने नाही म्हटले असते, तर त्या क्षणापासून त्याच्या पणाला ५० पौंड लागलेले नसते. ७२,३३५ पौंड लागलेले असते. नकार म्हणजे नवी पैज. जो मनुष्य आपल्या आयुष्यात एवढी रक्कम घेऊन बुकीच्या दारात कधी गेला नसता, तो केवळ बटण न दाबता तेवढीच रक्कम लावून बसतो, आणि जग त्याला ‘त्याचे काय जाणार, पन्नासच तर लावले होते’ असे सांगते. याहून मोठी दिशाभूल आम्ही पाहिलेली नाही.

आता ख्रिस्तसभेची कसोटी लावून पाहू. जुगाराविषयी आमच्या सभेची भूमिका अनेकांना वाटते तितकी सरसकट नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २४१३वा परिच्छेद सांगतो की नशिबाचे खेळ आणि पैजा स्वभावतः न्यायाच्या विरुद्ध नाहीत. मात्र स्वतःच्या व इतरांच्या गरजा भागवण्यासाठी जे आवश्यक ते त्यांच्यामुळे हिरावले जाते तेव्हा त्या नीतीला अमान्य ठरतात. जुगाराची ओढ गुलामी बनू शकते, असा इशाराही तिथेच आहे. नीतिशास्त्राच्या जुन्या पाठ्यग्रंथांतील अटी त्याच्याशी सुसंगतच होत्या : लावलेला पैसा स्वतःचा आणि मोकळा असावा, संमती खुली असावी, फसवणूक नसावी आणि दोन्ही बाजूंना शक्यतेची काही समानता असावी.

या कसोटीवर ऑगस्टमधले ५० पौंड कदाचित उतरतील. नोकरदार माणसाने एखाद्या संध्याकाळच्या करमणुकीवर खर्चावी एवढीच ती रक्कम. पण मार्चमधले ७२,३३५ पौंड? ज्याच्या घरावर कर्ज आहे, ज्याची मुले शिकत आहेत, ज्याच्या घरी म्हातारी आई औषधांवर आहे, त्याच्यासाठी ही रक्कम ‘आवश्यक’ या शब्दात बसत नाही काय? ती त्याला एका शब्दावर मिळत असताना अकरा खेळाडूंच्या पायांवर ठेवून देणे म्हणजे कुटुंबाचे अन्न पणाला लावणे. म्हणून आमचे उत्तर असे : ज्याला त्या रकमेची गरज होती आणि ज्याने ती घेतली, त्याने योग्य केले. पुढे संघ जिंकला म्हणून त्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही. निर्णयाची योग्यता तो घेताना जे ठाऊक होते त्यावरून ठरते, नंतर काय घडले त्यावरून नव्हे. आणि जो अशाच गरजेत असताना थांबला व जिंकला, त्याच्या घरी आनंद झाला असेल, पण त्याने आपल्या घराला न विचारता घर पणाला लावले होते हे त्या आनंदाने पुसले जात नाही.

यावर कोणी म्हणेल, “फादर, ते पैसे घरचे नव्हतेच. बुकीचेच होते. ते गेले असते तर घरचे काय गेले असते?” हा युक्तिवाद नीट तपासावा. जे हातात घेता येत होते आणि घेतले नाही ते गमावलेच. शेतात पडलेले धान्य आपण पेरले नव्हते म्हणून ते उचलायचे सोडून जुगारात लावणाऱ्या बापाला उपाशी मूल हा युक्तिवाद ऐकवू देईल काय? पैसा कोणत्या वाटेने आला यावर त्याची गरज कमी-जास्त होत नाही.

येथवर वाचून दुसरा पक्ष आनंदून म्हणेल की पाहा, फादर आमच्याच बाजूचे, घेणारे शहाणे. त्यांनी इतक्या लवकर टाळ्या वाजवू नयेत. कारण जे बटण त्यांना सुज्ञतेचे वाटते त्याची घडण आम्हांला सांगायची आहे.

एक सोपे उदाहरण घेऊ. नाणे दोनदा उडवायचे. दोन्ही वेळा छापा पडला तर जिंकलो. शक्यता चारात एक. म्हणून १०० रुपये लावणाऱ्याला न्याय्य हिशेबाने ४०० मिळायला हवेत. बुकी सांगतो ३६०. चाळीस रुपयांची ही कात्री दाराशीच लागली. आता पहिल्यांदा छापा पडला. उरलेली शक्यता निम्मी. तेव्हा ३६०च्या आश्वासनाची या घडीची किंमत १८०. बुकी म्हणतो, “१६५ घ्या आणि मोकळे व्हा.” ही दुसरी कात्री, बाहेर पडण्याच्या दारावर. ज्याने आत येताना कापले तोच बाहेर जाताना पुन्हा कापतो, आणि या दुसऱ्या कापण्याला तो गिऱ्हाइकाची सोय म्हणतो. लेस्टरच्या त्या चिठ्ठीवर अडीच लाखांच्या बदल्यात ७२,३३५ पौंड दिले गेले, म्हणजे विजयाची शक्यता शंभरात सुमारे २९ धरली गेली. समजा खरी शक्यता ४० होती. तर त्या चिठ्ठीची न्याय्य किंमत एक लाखाच्या आसपास होते आणि उरलेले सत्तावीस हजार पौंड दुकानाकडेच राहतात. खरी शक्यता कोण ठरवणार? दुकानच. तराजू त्याचा, वजने त्याची, मालही तोच विकत घेणार.

आणि विकत घेणारा हा कोण आहे तेही ध्यानात घ्यावे. कोकणातला बागाईतदार झाडावर मोहोर असतानाच बाग खंडाने देतो. अवकाळी पाऊस, तुडतुडे, उन्हाचा तडाखा यांची जोखीम व्यापारी घेतो आणि त्याबद्दल भाव पाडून मागतो. यात घासाघीस असेल, क्वचित लबाडीही असेल. पण व्यापारी तिऱ्हाईत असतो, आणि झाडामागे वर्षभराची मेहनत असते. कॅश आऊटच्या सौद्यात तिऱ्हाईत कोणी नाही. ज्याने अडीच लाख देण्याचे वचन दिले तोच ते वचन ७२ हजारांत परत मागतो. हा देणेकरी आहे. धनको दारात उभा राहील या भीतीने तो आधीच त्याच्याकडे जाऊन सवलत मागत आहे, आणि ती मागताना उपकारकर्त्याचा आव आणतो आहे!

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. पाच हजारास एक असे भाव आयुष्यात एखाद्याच्याच वाट्याला येतात. हे बटण मात्र दर शनिवारी, दर सामन्याला, दर मिनिटाला चमकत असते. गोल झाला की आकडा वाढतो, प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन धावला की घटतो. पाहणारा खेळ पाहत नाही, आकडा पाहतो. मग तो घाबरून बटण दाबतो आणि रक्कम मिळवतो. पण ती खिशात येत नाही. त्याच्या नावाच्या खात्यात येते, आणि ते खाते दुकानातच असते. पुढचा सामना दहा मिनिटांनी सुरू होणार असतो. आमच्या वाचकांना महाभारतातील द्यूतसभा ठाऊक आहे. धर्मराज सर्वस्व हरला, आणि धृतराष्ट्राने ते त्याला परत दिले. पांडव रथात बसून निघालेही. पण वाटेत दुसऱ्यांदा बोलावणे आले आणि सुटून गेलेला माणूस पुन्हा त्या सभेत जाऊन बसला. वनवास त्या दुसऱ्या डावाने आणला. अर्ध्यावर सुटका मिळणे ही सुटका नव्हे. दार ओलांडून घरी पोचणे ही सुटका. ज्याने ७२,३३५ पौंड घेतले आणि दुकानाकडे पाठ फिरवली तो सुटला. ज्याने ते घेऊन त्यातले पाच हजार पुढच्या हंगामावर लावले त्याच्यासाठी हिशेब मिटलेलाच नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञतेचे विवेचन करताना तिच्या तोतयांचीही नोंद केली आहे. देहाच्या सुखालाच अंतिम साध्य मानून केलेली हुशारी ही एक. खोट्या वाटांनी साध्य गाठणारी धूर्तता ही दुसरी. खरी सुज्ञता आधी साध्य तपासते, मग साधन निवडते. बुकीचे बटण साध्याविषयी कधीच विचारत नाही. ते एवढेच विचारते की आता की नंतर? ‘कशासाठी?’ हा प्रश्न ज्या विचारात नाही त्याला सुज्ञता म्हणणे हा त्या सद्गुणाचा अपमान आहे. आम्ही ज्याची पाठराखण केली त्या गृहस्थाचा निर्णय सुज्ञ ठरला असेल तर तो घराच्या गरजेमुळे, बटणामुळे नव्हे.

आता श्रद्धेकडे वळू, कारण तिच्या नावाचा गैरवापर आम्हांला अधिक बोचतो. थॉमस यांच्या मते आशा या दैवी सद्गुणाचा विषय म्हणजे कष्टसाध्य पण शक्य असे भावी कल्याण, आणि तिचा आधार परमेश्वराचे साहाय्य. आशेचा पाया वचन देणाऱ्याच्या सत्यतेत असतो. पैजेचा पाया कशात असतो? लेस्टर सिटीने कोणालाही कोणतेही वचन दिले नव्हते. क्लाउदिओ रानिएरी या प्रशिक्षकाने ऑगस्टमध्ये विजेतेपदाची हमी दिली नव्हती. थांबणाऱ्याने कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला? कोणाच्याच नाही. त्याने एका शक्यतेवर पैसे ठेवले. शक्यतेला प्रार्थना ऐकू येत नाही आणि ती कोणाशी करारही करत नाही.

शुभवर्तमानातील मोत्यांच्या व्यापाऱ्याचा दाखला येथे हटकून पुढे केला जाईल. त्यानेही सर्वस्व विकून एकच मोती घेतला. तो पणच नव्हता काय? नव्हता. त्याने मोती पाहिला होता, पारखला होता, आणि मग विकत घेतला. ती खरेदी होती. तसेच डाळीच्या वाटीसाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकणाऱ्या एसावाशी कॅश आऊट घेणाऱ्याची तुलना करणेही अन्यायाचे आहे. एसावाने पित्याकडून आलेले दान विकले. पैजेची चिठ्ठी हे कोणाचे ज्येष्ठत्व नाही. क्रुसाखाली सैनिकांनी प्रभूच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा त्यांच्यातल्या एकाच्या हाती तो आला. त्या विजेत्याला आपण श्रद्धावान म्हणत नाही.

पास्कालचे नाव घेऊन आणखी एक आक्षेप येईल. ज्या पास्कालने मोडलेल्या डावाचा हिशेब सोडवला त्यानेच पुढे परमेश्वराच्या अस्तित्वावर पैज लावण्याची प्रसिद्ध कल्पना मांडली. मग श्रद्धेला पैज म्हणायला काय हरकत? हरकत अशी की तो युक्तिवाद उंबरठ्यावर अडखळलेल्या संशयी माणसासाठी होता, घरात येऊन बसलेल्यासाठी नव्हता. शिवाय त्या पैजेतून अर्ध्यावर मोबदला घेऊन उठता येत नाही. जन्मलो त्या क्षणीच आपण त्या नावेत बसलो आहोत. पास्कालच्या स्वतःच्या श्रद्धेचे मूळ तर हिशेबात नव्हतेच. फर्माशी पत्रव्यवहार झाला त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १६५४च्या रात्री, त्याला परमेश्वराचा जो ज्वलंत अनुभव आला त्याची टिपणी त्याने मरेपर्यंत आपल्या कपड्याच्या अस्तरात शिवून बाळगली. गणित त्याच्या बुद्धीत होते, ती टिपणी हृदयाशी होती. दोहोंची जागा त्याला ठाऊक होती.

निष्ठेचे उदाहरण लेस्टरमध्येच शोधायचे असेल तर ते चिठ्ठी सांभाळणाऱ्यांत शोधू नये. २००८-०९च्या हंगामात हा क्लब तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. तेव्हाही थंडी-पावसात मैदानावर जाणारे लोक होते. २०१६च्या वैभवानंतर २०२३ मध्ये संघ खाली घसरला, २०२४ मध्ये परतला, २०२५ मध्ये पुन्हा घसरला; तेव्हाही ते होतेच. त्यांच्या निष्ठेला कोणी भाव लावला नाही आणि ती सोडून देण्यासाठी कोणी रक्कम पुढे केली नाही. मैदानावरील जेमी वार्डीकडे पाहा. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यात काम करून तो छोट्या क्लबांतून फुटबॉल खेळत होता. विजेतेपदाच्या हंगामात त्याने सलग अकरा सामन्यांत गोल केले. विजय त्याच्या घामाने आला. चिठ्ठीने त्यात एका घोटाचीही भर घातली नाही. ज्याने श्रम केले त्याला सोडून ज्याने श्रमावर पैसे लावले त्याला प्रवचनातला नायक करणे, हे कष्टकऱ्यांच्या धर्मग्रामांत तरी शोभत नाही.

कोणी विचारील की इंग्लंडातल्या सट्ट्याशी आपला काय संबंध? तिथे १९६१ सालापासून पैजेची दुकाने कायदेशीर आहेत. आपल्याकडे १८८७ सालापासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. संबंध दोन प्रकारचा आहे. आमची मुले आज इंग्लंडात आहेत. स्विंडनसारख्या गावांत गोव्याची कुटुंबेच्या कुटुंबे नांदत आहेत. तिथे जे कायद्याने मोकळे ते इथल्या आईबापांना ठाऊक नसते. त्या देशालाही या व्यसनाची धग जाणवल्यावाचून राहिली नाही. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने पैज लावण्यास तिथे मनाई झाली, आणि छातीवर सट्टा-कंपन्यांची नावे मिरवणे २०२५-२६च्या हंगामाअखेर थांबवण्याचे प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये मान्य केले. दुसरा संबंध जुना आहे. गिरणगावातल्या मटक्याने ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ या दोन शब्दांमध्ये किती पगार गिळले ते मुंबईच्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. कायदा दुकान बंद करू शकतो. हाव बंद करणे त्याच्या हाती नाही.

“मग सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात हौजी चालते, रॅफलची तिकिटे खपतात, त्याचे काय?” हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. त्याच कसोटीने उत्तर देतो. तिकीट दहा-वीस रुपयांचे, किती जमले व कुठे गेले ते सर्वांना उघड, हेतू छपराची दुरुस्ती किंवा आजाऱ्याची मदत, आणि हरणाऱ्याच्या चुलीला त्याची झळ नाही, तोवर तो खेळ आहे. बक्षिसाचा आकडा जाहिरातीचा विषय झाला, एकेका घरातून तिकिटांची पुस्तकेच्या पुस्तके घेतली जाऊ लागली, हेतू मागे पडून नशीब पुढे आले, की तोही जुगारच. मंडपावर क्रूस असल्याने तो पवित्र होत नाही. प्रत्येक धर्मग्रामाच्या समितीने ही रेषा स्वतः आखून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे.

आता निष्कर्ष. ज्याच्या हाती आज अशी चिठ्ठी असेल त्याने भाव, आकडे आणि तज्ज्ञांची भाकिते बाजूला ठेवून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आत्ता पुढे केलेली ही रक्कम रोख माझ्या टेबलावर असती, तर ती उचलून मी या संघावर लावायला गेलो असतो काय? उत्तर ‘नाही’ असेल तर रक्कम घ्यावी. बुकीने कापले म्हणून कुढू नये, संघ जिंकला तर झुरू नये. उत्तर ‘हो’ असेल तर ते पत्नीसमोर मोठ्याने म्हणून पाहावे. घरातील दोघांना जे उच्चारता येत नाही ते एकट्याने मनात ठरवू नये. आणि रक्कम घेतली तर ती त्याच दिवशी दुकानाच्या खात्यातून बाहेर काढावी. कर्जाला, शिक्षणाला, आजारपणाला लावावी, आणि ज्या गरजूंचा देव आपल्याला विसर पडू देत नाही त्यांचा वाटा आधी काढून ठेवावा.

आमच्या धर्मगुरू बंधूंनाही एक विनंती. श्रद्धेसाठी दाखले हवेत तर ते धर्मग्रामातच भरपूर सापडतील. समुद्रावर गेलेल्या मुलाची वाट पाहत रोज जपमाळ करणारी आई आहे. वीस वर्षे अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची सेवा करणारी पत्नी आहे. त्यांना दर मिनिटाला कोणी रक्कम पुढे करत नाही. केली तरी ती त्यांच्या कानांवर पडणार नाही. त्यांनी पण लावलेला नाही, शब्द दिलेला आहे. शब्द मोडण्याचा भाव विचारला जात नाही, म्हणूनच त्याला श्रद्धा म्हणतात. हे नाव त्यांच्याकडेच राहू द्यावे. बुकीच्या पाटीवर लिहायला त्याच्याकडे आकडे पुष्कळ आहेत.